जावयाच्या व्हिडिओतली मी

३ मार्च

…भांडी झाली होती. फडकं पिळून वाळत घालत होते, तेवढ्यात जावई म्हणाले, “आई, बाबांचा फोटो या भिंतीवर घेऊ का? इथे उजेड चांगला आहे.” मी हो म्हटलं. यांचा फोटो झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघरात आला. मुलीने मोबाइल धरला, जावई फोटोखाली बसून पैसे कुठे गुंतवावेत ते सांगू लागले. “आई, मध्येच चहा आणून ठेवा. घरगुती वाटतं.” ठेवला!

ही गेल्या आठवड्यातली गोष्ट. फोटो अजून तिथेच आहे. स्वयंपाकाचा धूर यांना कधीच सोसला नाही.

५ मार्च

पाणी कुठेतरी मुरतंय. मुलीला म्हटलं, तो व्हिडिओ दाखव. “तुला काय कळणार त्यातलं, आई!”

दुकानांच्या पाट्या वाचत मी अक्षरं शिकले. जाडजाड पुस्तकं संपवली. यांचे इस्पितळातले कागदही मीच वाचले, आणि ते कळले. हे मात्र कळणार नाही!

७ मार्च

शिवणाच्या दुकानात मी इस्त्री करते, मैत्रीण काजं-बटणं. आज कानाशी येऊन म्हणाली, “डोळे मिटून दूध पितेस होय गं मांजरी! घरबसल्या कमावतेस आणि इथे इस्त्री घासतेस?” मोबाइल पुढे केला. भिंतीवर हे. चहा ठेवणारी मी. आणि जावई — “सासरे गेले. विम्याचे पैसे सासूबाईंनी माझ्या सल्ल्याने लावले. बघा, आज किती निवांत आहेत!”

निवांत!

यांच्या विम्याचे पैसे बँकेत जसेच्या तसे आहेत. त्यांना हात लावावासाच वाटत नाही.

तिला सांगितलं, सगळं खोटं आहे. ती हसली. “पुरे गं! वाटेकरी नकोत, म्हणून सांगतेस. रविवारी तुझे जावई मोबाइलवर थेट बोलणार आहेत, तेव्हाच पैसे भरणार मी. लेकीच्या शिक्षणाचे आहेत ते, दुप्पट झाले तर सुटले.”

९ मार्च

जावयांना विचारलं. आवाज चढवला नाही.

“आई, जाहिरातीत सगळेच थोडं वाढवून सांगतात. माणूस आणला की कंपनी मला पैसे देते. तुमचं काय गेलं?”

“गेलेल्या माणसाला खोट्या साक्षीला उभं केलंत,” म्हटलं.

मुलगी नखं बघत बसली. मग म्हणाली, “आमच्या घराचे हप्ते त्यातूनच जातात, आई.” म्हणजे हीसुद्धा? पोटच्या पोरीवर संशय घ्यायची वेळ आली.

१० मार्च

मैत्रीण आज माझ्याशी बोललीच नाही. जेवायलाही लांब बसली.

१२ मार्च

काल रविवार. जावई थेट बोलायला बसले, समोर मुलगी मोबाइल धरून. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि मोबाइलकडे बघून सांगितलं, “यात माझा एक पैसाही नाही. कोणी भरू नका.” जावई मुलीवर ओरडले, “बंद कर ते!”

तिने बंद केलं नाही.