दारावरचा पांढरा कागद

सातवा महिना, तारीख २२

इंग्रज शहरात शिरून दोन दिवस झाले. राजधानी सोडून बादशहाचा दरबार पळाला म्हणे. आम्ही कुठं पळायचं? तोफा थांबल्या, पण कान अजून दणाणतायत. देशुनचा पत्ता नाही. एकुलता एक पोरगा, परक्यांना हाकलायला निघालेल्या, लाल पट्टे बांधून मुठींची कवायत करणाऱ्या त्या मूठवाल्यांत गेला! “बाबा, आम्हाला गोळी लागत नाही!” म्हणायचा. गाढव!

२४

मेव्हणा येऊन गेला. देशुन जिवंत आहे! गावाबाहेर कलिंगडाच्या मळ्यात, राखणीच्या खोपटात लपलाय. कपाळावर जखम आहे. बायको आधी रडली, मग शिव्या दिल्या, मग दोन्ही एकदम. निरोप धाडला — मी सांगेपर्यंत शहरात पाऊल टाकायचं नाही.

२७

इंग्रजांचे फेटेवाले शिपाई गल्लीत फिरतात. हिंदुस्थानातून आणलेत. तेही दमलेले दिसतात. त्यांचा दुभाष्या ओरडून गेला — दारात लाल दिसलं की ते घर मूठवाल्यांचं! पलीकडच्या गल्लीत एकाला नुसत्या लाल कमरपट्ट्यावरून उडवलं.

इथं तर प्रत्येक दारावर नव्या वर्षाचे लाल कागद. शेजाऱ्यांनी खरवडून काढले. माझे निघेनात. तीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना, छतांना कागद लावतोय. माझी खळ सुटत नाही याचा केवढा तोरा होता मला! भोगा आता.

२८

शेवटी लालवरच पांढरा कागद डकवला. बायको भडकली. “अहो, घरातला कर्ता गेल्यावर लावतात तो! तुम्ही धडधाकट बसलात आणि दारावर सुतक?”

म्हटलं, “सुतक परवडलं, गोळी नाही.”

 

आठवा महिना, तारीख ३

काही नाही. ज्वारीची पेज. उकाडा.

९

देशुन आला.

सकाळी बायको पाण्याला गेली होती. गल्लीच्या टोकाकडून हंबरडा ऐकू आला. बाहेरगावचा मुलगा बापाच्या मयताला आला की तिथपासून गुडघ्यांवर रांगत, मोठ्यानं रडत दारापर्यंत येतो. गुपचूप आत शिरला तर लोक तोंडावर थुंकतील. “बाबा, मला उशीर झाला हो!” आवाज देशुनचा! लांबूनच आमचं घर बघून जावं म्हणून आला असणार, आणि दिसला काय, तर तो कागद. जिवावरचं संकट विसरून पोरानं रीत पाळली. रीत मीच शिकवलेली!

मी दार उघडेपर्यंत शिपायांनी धरला होता. कपाळावरची जखम बोटानं दाबून बघत होते. कमरेत लाल पट्ट्याचं टोक निघालं. ओढत नेलं. शेजारीपाजारी दाराआडून बघत राहिले. थोड्या वेळानं नदीकडून एकच बार.

बायको हंडा घेऊन आली. “गल्लीत एवढं सामसूम का हो?” मी हंडा उतरवून घेतला.

११

परवा सगळं लिहिलं नाही.

त्यानं मला दारात उभं पाहिलं. तोंड कसं उजळलं त्याचं! दुभाष्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, “हा तुझा बाप?”

देशुन म्हणाला, “माझा बाप मेलाय. दारावर दिसत नाही?”

मग दुभाष्या माझ्याकडे वळला. “म्हाताऱ्या, मग तू कोण?”

मी म्हणालो, “मी इथला भाडेकरू.”