अक्का, त्या गोळ्या कोयनेलच्या नव्हत्या

प्रिय अक्का,

तुमचे मालक, आमचे भाऊजी, दोन दिवस राहून काल मुंबईला परत गेले. जाताना उंबऱ्यात थांबले आणि मला म्हणाले, "सुमन, ती गेली कशानं? मला कुणी नीट सांगंना." मी नुसती त्यांची पिशवी उचलून हातात दिली. आज घरात मी आणि गोठ्यात गाय. आमचे हे लढाईवर, कुठल्या मुलखात ते देवाला ठाऊक. मग सांगू कुणाला? म्हटलं, आधी तुम्हालाच सांगावं. तुमचं मरण तुम्हाला तरी कुठं कळलंय?

मी लिहायला बसले की तुम्ही हसायचात. "आली भोरची शाळा गुंजवण्यात!" म्हणायचात. तुमची धाकटी जाऊ म्हणून भोरहून या घरात आले तेव्हा मला भाताचं रोप आणि गवत एकच वाटायचं. तुम्ही खाचरात माझा हात धरून शिकवलंत. एकदाही सासूपणा केला नाहीत.

भादव्यात आळीत थंडीताप शिरला, तो आपल्याही घरात आला आणि तुम्हाला धरलं. वेल्ह्याच्या बाजारात खाकी टोपीवाला थंडीतापावरचं कोयनेल विकत होता, आठवतं? कोयनेल कुठंच मिळत नव्हतं आणि याच्याकडं डबाभर! तुम्ही पुडी घेऊन आलात. किती कडू होत्या त्या गोळ्या! एक गिळलीत, तोंड वाकडं केलंत, वर गुळाचा खडा मागितलात. दुसऱ्या दिवशी अंग गार. "गोळी लागू पडली गं सुमे!" म्हणून तुम्ही पदर खोचून खाचरात गेलातसुद्धा.

आणि पुडीतल्या निम्म्या गोळ्या आळीत वाटल्यात. अक्का, का वाटल्यात हो? दुसऱ्याचं दुखणं बघितलं की तुम्हाला स्वतःचं दिसायचंच नाही. याचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी भरली. पुन्हा गोळी. मग एक दिवस बरा, पुन्हा ताप. असं होता होता एका दुपारी भर उन्हात तुम्ही गोधडीवर गोधडी मागितलीत, आणि मग मला ओळखेनाशा झालात. मला "आई" म्हणालात. मी "ओ" दिली. दुसरं काय करणार होते? दिवस मावळायच्या आत सगळं संपलं.

तेरावं झाल्यावर मी माहेरी भोरला गेले, तेव्हा पुडी सोबत नेली. कोयनेल घेऊनही माणूस जातं कसं, एवढंच मला विचारायचं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी बशीत चुरली आणि वर लिंबू पिळलं. अक्का, ती फसफसली! बशीभर फेस आला.

"कोयनेल असं फसफसत नाही, बाई. हा खडू आहे. कडू लागावा म्हणून काडेचिराईत घातलंय."

"पण ताप उतरला होता हो!"

"हा ताप एक दिवस सोडूनच येतो. मधला दिवस गोळी घेतली नसती तरी बराच गेला असता."

लढाईमुळं बोटीनं येणारं कोयनेल थांबलंय म्हणाले. थोडंसं आहे, ते ज्याला खरीच गरज त्याला देतात. मी बशीकडं बघत बसले. खडू! आम्ही तुम्हाला खडू चारत होतो?

पुढच्या बाजारी टोपीवाल्याला गाठलं. वाटलं होतं, उलट भांडेल. त्याच्यासमोर गोळीवर लिंबू पिळलं तसं त्यानं डब्यातली दुसरी गोळी काढून स्वतः पिळून बघितलं. "म्या पुण्यास्नं आणतो बाई, जशा देत्यात तशा इकतो. माज्या पोरीला बी ह्याच दिल्यात. कालपासनं तिला ताप हाय." डबा तिथंच टाकून तो घराकडं धावत सुटला. त्याच्यावर ओरडायला म्हणून गेले होते, आणि त्याच्या पोरीसाठी हात जोडून आले. गोळ्या बनवणारा कोण, ते मात्र कळलं नाही. तो मजेत असेल.

मग मी आळीतल्या घराघरांतून तुम्ही वाटलेल्या गोळ्या परत मागत फिरले. काहींनी दिल्या. भागाकाकूंनी मूठ आवळून धरली. "हायेत त्या बी न्हेतीस? दुसऱ्या कुठं हायेत, सांग की!" मी त्यांना लिंबाचा फेस दाखवला. त्या म्हणाल्या, "कडू हाय न्हवं? मग अवशिद हाय." त्या दिवसापासून आळीत माझ्याशी कुणी धड बोलत नाही. मेलेल्या जावेला नावं ठेवतीया म्हणतात. पाणवठ्यावर गेले की बायका घागरी उचलून चालू लागतात. तुम्ही असता तर एका शब्दात सगळ्यांना गप्प केलं असतंत. घरात आता माझाच आवाज मला ऐकायला येतो. काल गाईला तुमच्या नावानं हाक मारली मी.

इथवर लिहिलं आणि दारात हाक आली. भागाकाकू! आत आल्या नाहीत, अंगणातच उभ्या राहिल्या. "आमची सून रखमा सकाळधरनं कापतीया. भोरला चल आमच्यासंगं. तुजी वळक हाय तितं." गोळ्यांची मूठ अजून आवळलेलीच होती. माझी नजर गेली तशा म्हणाल्या, "ह्या ऱ्हाऊ दे. तितं न्हाई मिळालं तर?"

मी यावेळी हात पुढं केला नाही. नुसतं म्हटलं, "गाडी जुंपायला सांगा काकू, आलेच मी."

गाडी उभी आहे, म्हणून घाईत लिहिते. अक्का, शब्द देते तुम्हाला: या आळीत कुणालाही थंडी वाजली की पहिल्याच दिवशी मी त्याच्यासंगं भोरची वाट धरीन. कुणी माझ्याशी बोलो, न बोलो. भाऊजींनाही सगळं खरंखुरं लिहून कळवीन. आज मात्र आधी रखमाला दवाखान्यात पोचवते.

तुमचीच,
सुमी