पुसलेली खारफुटी

४ तारीख

उपग्रहाच्या चित्रांत किनाऱ्यावरची हिरवीगार खारफुटी लालभडक का दिसते, हे कोडे पुष्कळांना पडले असेल. उत्तर मोठे रंजक आहे. जिवंत पान हिरव्यापेक्षा कितीतरी अधिक अवरक्त प्रकाश परतवते. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. पान जितके टवटवीत, तितका लाल गडद.

हे आईला वाचून दाखवले, तर म्हणाली, तू रोजनिशी लिहितेस की शिकवणी घेतेस? मग मी टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरून दाबला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा ठिपका पडद्यावर जांभळा लुकलुकला. आई लहान मुलीसारखी हसली.

खारफुटीचे नकाशे करायची ही नवी नोकरी. कार्यालय दोनच खोल्यांचे, पण संगणक उत्तम. दर पाच दिवसांनी नवे चित्र येईल. वसाहतीतले घरही हवेशीर आहे. आईच्या दम्याला खारी हवा मानवेल. घरमालकीणबाईंनी मात्र किल्ली देताना बजावले, की आभाळातून बघणाऱ्यांनी दुसऱ्याच्या अंगणात नाक खुपसू नये.

९ तारीख

वसाहतीमागचा चिखल चित्रात गडद लाल आला आहे. तिथली खारफुटी घरांसाठी केव्हाच तोडली. स्वतः जाऊन पाहिले: नुसते खुंट, एकही पान नाही. साहेब म्हणाले, चित्र आणि जमीन यांचे भांडण झाले तर जमीन खरी. नकाशातून पुसा, उगाच वसाहतीवर बालंट नको. नियम योग्यच आहे. पुसले.

१४ तारीख

लाल पट्टा आमच्या गल्लीत शिरला आहे. कोपऱ्यावरचे घर त्याच्याखाली. जाऊन पाहिले. दार सताड उघडे, शेगडीवर दूध करपलेले, माणूस नाही. फरशा उचकटून बोटांएवढी मुळे उभी होती; खारफुटी श्वासासाठी चिखलातून वर काढते, तशी. हात लावला. कोमट होती.

साहेबांनी पुरते ऐकून घेतले नाही. पुसा म्हणाले. पुसले.

१९ तारीख

आणखी चार घरे. तिथेही कोणी नाही.

घरमालकीणबाई सामान बांधून निघाल्या. माझ्या पायांशी थुंकल्या. म्हणाल्या, आम्ही तोडलं तेव्हा ते गप्प बसलं होतं. तोडलेलं त्याला सोसतं, बाई. पुसलेलं नाही.

उद्या सकाळची गाडी ठरवली आहे.

२० तारीख

गाडी परत गेली. आई खुर्चीतून उठत नाही. दम लागत नाही, म्हणते. छाती हलत नाही. श्वास पायांतून येतो, म्हणते, किती बरं वाटतंय—

पाय उचलायला गेले, तर फरशी—

नकाशात पुसलेला सगळा पट्टा मी पुन्हा भरला. साहेब फोन उचलत नाहीत. नवे चित्र अजून चार दिवस नाही.

२१

चित्र नको. सोपी चाचणी आहे, कोणालाही जमेल. रिमोट कॅमेऱ्यापुढे दाबा. ठिपका दिसला, म्हणजे कॅमेरा ठीक. आता रिमोट दूर ठेवा. कॅमेरा आपल्या माणसाच्या पावलांकडे वळवा. जांभळे काही लुकलुकायला नको.

आईच्या—

माझ्याही—