रेवाच्या प्रगतिपुस्तकातलं एक वाक्य

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्या. ७.१०
रेवाचं प्रगतिपुस्तक मिळालं. चार वर्षांच्या मुलांना गुण नसतात, नोंदी असतात. सगळ्या ठीक. शेवटची निलोफर टीचरच्या अक्षरात: ‘काम करता करता रेवा थांबून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघते. घरी तिला एकटीनं काम करू द्यावं.’
पहिलं वाक्य निरीक्षण आहे. दुसरं आरोप आहे.
वाळूजला कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला सहा वर्षं झाली. माझ्यावर एक ताशेरा नाही. ही नोंद मी टीचरच्याच हातानं खोडून घेणार. मुदत: २१ तारीख, पालकभेट.
मी चिडलेले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
शिवराजला दाखवलं. नवरा म्हणून पाठिंब्याची अपेक्षा होती. म्हणाला, अगं बरोबरच लिहिलंय, तू तिला बूटसुद्धा घालू देत नाहीस. मी म्हटलं, डावा-उजवा चुकला तर पायाला त्रास होतो. त्यानं पेपर उघडला. मुद्दा मान्य झाला असं धरते.

९ नोव्हेंबर, रविवार
शफीभाई सुताराकडून रेवाच्या उंचीचं रॅक करून घेतलं. प्रत्येक ट्रेमध्ये त्या त्या वस्तूची आकृती रंगवली: पेला, चमचा, कात्री. वस्तू दुसरीकडे जाऊच शकत नाही. कारखान्यात पाने-पक्कड असेच ठेवतो. शफीभाई म्हणाले, मॅडम, बच्ची खेलतीच कब? मी म्हटलं, हाच खेळ आहे. ते अच्छा म्हणाले आणि स्क्रू आवळायला लागले.

१० नोव्हेंबर, सोमवार
पहिली चाचणी. काम: एका वाटीतला राजमा चमच्यानं दुसऱ्या वाटीत. मी शेजारी, हाताची घडी, तोंड बंद. रेवानं माझ्याकडे ११ वेळा पाहिलं. सहाव्या वेळी मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
१४ वेळा. वाढ. कारण सापडलं: तिला माझ्या भुवया आणि तोंड दिसतं. उद्या मास्क आणि टोपी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
१९. मग रडली. दवाखान्यात जायचंय का, असं विचारत होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सासूबाई पिशोरहून आल्या. दुपारी टीव्हीसमोर लसूण सोलायला बसल्या. रेवा शेजारी बसून सोलत होती. ४० मिनिटं, २२ पाकळ्या, एकदाही मान वर नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून मोजलं. नंतर सासूबाईंना विचारलं, तिला नक्की काय सांगितलंत? म्हणाल्या, म्या काय सांगू बाई, माझा तर डोळा लागला व्हता. लई सोलला की पोरीनं.
ही नोंद बाद. साहित्य ठरलेलं नव्हतं, देखरेख करणारी व्यक्ती झोपलेली होती. फक्त पारदर्शकतेसाठी फाइलला जोडते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
घरात दोष सापडत नाही, म्हणजे तो वर्गात आहे. या शाळेची पद्धत आहे: पालकानं वेळ घेऊन एक तास वर्गात बसायचं. कोपऱ्यात छोटी खुर्ची, हात मांडीवर, बोलायचं नाही, मदत करायची नाही. बुधवारची वेळ घेतली. टीचर स्वतः मुलांच्या कामात किती वेळा हात घालतात ते मोजून पालकभेटीत त्यांच्याच पुढ्यात ठेवीन. ‘बालकेंद्री’ शब्द भिंतीवर लावणं सोपं असतं.
हा सूड नाही. आमच्याकडे याला करेक्टिव्ह ॲक्शन म्हणतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.४०
टीचरचा हस्तक्षेप: एकूण २. एका मुलाचं नाक पुसलं. एकीच्या तोंडातून मणी काढला. आकडा कमी आहे, पण शून्य नाही.
रेवा जगमधून पेल्यात पाणी ओतत होती. सांडलं. तिनं फडकं आणलं आणि पुसायला लागली. कोणाकडे पाहिलं नाही. पण ओली झालेली बाजूच पुन्हा पुन्हा वापरत होती. मी फक्त एवढंच म्हटलं, कोरडी बाजू घे. अगदी हळू. त्यानंतर तिनं २३ वेळा वर पाहिलं. २३ही वेळा माझ्याकडे.
टीचर वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, मॅडम, बाहेर जाऊन जरा पाणी पिऊन येता का? मी म्हटलं, तहान नाही. म्हणाल्या, ते माहितेय मला.
शेवटची १५ मिनिटं व्हरांड्यात.
निष्कर्ष: खुर्चीची जागा चुकीची आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
फाइल पूर्ण. १४ पानं, दोन आलेख. उद्या टीचरला उत्तर सुचणार नाही. मलाच थोडं वाईट वाटतंय त्यांचं. फार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्या. ६.००
टीचरनी चौदाही पानं वाचली. लसणाचं पान दोनदा. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर तक्रार करता आली असती.
मी म्हटलं, नोंद चुकीची आहे, दुरुस्त करा. त्या लगेच म्हणाल्या, हो मॅडम, चूक माझी आहे. माझ्याकडे ती बघत नाही, आजीकडेही बघत नाही. तुम्ही सोडायला-न्यायला येता तेव्हाच बघते. पण तसं कसं लिहायचं, म्हणून लिहाजापोटी, तुमचा मान राखायला, मोघम लिहिलं होतं. तुमच्यामुळे आकडेच मिळाले.
मग ‘मोठ्यांच्या’ खोडून वर ‘आईच्या’ लिहिलं. बाजूला सही, तारीख. पुस्तक माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, पालकांनी इथं.
हरकत घ्यायला जागा नव्हती. नोंद आता अचूक होती. सही केली.
घरी शिवराजनं विचारलं, खोडलं का गं त्यांनी?
खोडलं, म्हटलं. पुस्तक कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलंय. लपवलेलं नाही. त्याचा हात तिथं पोचतो, पण स्टूल लागतं.