माझ्या दगडावरची अक्षरं उतरवण्याबाबत

मी, खाली सही करणारा, धंद्याने थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरणारा, गुडघ्यांनी आणि उजव्या हाताने साथ सोडलेला पण डोक्याने पूर्ण ठिकाणावर असलेला माणूस, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कसलीही नशा न करता (ती आमच्या घरात एकानेच केली, सगळ्यांच्या वाटची) प्रभू येशूचं नाव घेऊन हे मृत्युपत्र सांगतो आहे. हात थरथरतो, म्हणून शेजारच्या निवृत्त नर्सबाई लिहून घेत आहेत. त्यांचं अक्षर वाईट आहे, पण शब्द माझे आहेत. (बाई म्हणतात, हे लिहायची गरज नाही. लिहा.)

याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

१. राहतं घर अर्धं थोरल्या मुलीला आणि अर्धं माझ्या सुनेला, म्हणजे वारलेल्या धाकट्या मुलाच्या बायकोला द्यावं. थोरले, तुझ्या कपाळावर आठ्या चढल्या असतील. "तिने काय केलं तुमच्यासाठी? उशाशी मी बसले, औषधं मी दिली." खरं आहे बाई, मी ते विसरलेलो नाही. पण केल्याबद्दल देतात ती मजुरी. तुला मी मजुरी देत नाही, घर देतो आहे, तू माझी म्हणून. तीही माझीच. स्वयंपाकघर एकच आहे, ते दोघींचं राहील. भांडू नका.

२. छिन्न्या, हातोड्या, घासायचं मशीन आणि शेडमधलं बाकी सामान माझ्याबरोबर काम करणाऱ्या पॉलिशवाल्याला द्यावं. मेलेल्यांच्या दगडांपुढे शीळ घालतो म्हणून मी त्याला जन्मभर बोललो. आता घालू दे.

३. लाकडी शिडी मेहुण्याकडे आहे. ती त्यालाच दिली असं समजावं. परत मागून मागून जीव थकला, आणि आता तर तो जायचाच आहे.

४. आता मुख्य गोष्ट. शेडमध्ये भिंतीला टेकून दोन दगड उभे आहेत. उजवीकडचा माझा. बायको गेली त्या वर्षी मीच तो कोरून ठेवला, कारण दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नाही. "कष्टाळू, सचोटीचा, गरिबांचे दगड विनामूल्य कोरणारा, चर्चच्या मंडळीचा आधार." तारखेची जागा तेवढी मोकळी आहे. त्यात खोटं काही नाही, कोणालाही विचारा.

डावीकडचा धाकट्याचा. तो कोरा आहे. गिऱ्हाइकांनी सांगितलं म्हणून मी नको नको त्या माणसांच्या दगडांवर "प्रेमळ पिता" कोरलं, पण माझ्या पोरासाठी एक शब्द सापडेना. आईचं शिवणयंत्र विकून तो प्यायला. तिच्या मातीलाही आला नाही. छिन्नी उचलायचो, परत खाली ठेवायचो.

तो गेला तेव्हा मी वॉर्डबाहेरच्या बाकावर होतो. आत पाळक होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "गेला, काका. शेवटी विचारत होता, माझ्याकडे दाखवायला काहीच नाही, देव असाच घेईल का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"असाच घेतो, म्हणालो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे फुकट? आणि मी जन्मभर केलं ते?"

ते शेजारी बसले. "काका, तुम्हालाही फुकटच आहे. आत्म्याचं तारण चांगल्या कामांवर मिळत नाही. दया आहे ती."

काल मिशी फुटलेल्या माणसाने मला हे सांगावं! त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. चर्चमध्ये मागे बसायचो आणि त्यांचा उपदेश सुरू झाला की खोकायचो.

पण मी बाप आहे हो. शेडमध्ये बसलो की एकच विचार यायचा, माझा पोरगा कुठे असेल? माणूस कामांवरच तरत असेल, तर मी तरलो आणि तो बुडाला. त्याच्या बाजूने सांगायला मी काहीतरी शोधत राहिलो. लहानपणी एकदा मांजराचं भिजलेलं पिल्लू शर्टात घालून घरी आणलं होतं, तेवढंच आठवलं. तेवढ्यावर कोण सोडणार? मग रोज सकाळी मीच मागायला लागलो, देवा, पाळकांचंच खरं असू दे.

आणि एके दिवशी उजवीकडच्या दगडाकडे बघवेना. पोरासाठी दया मागायची आणि स्वतःसाठी हक्क सांगायचा? एका घरात दोन कायदे कसे चालतील? त्याला असाच घ्यायचा असेल, तर मीही त्याच रांगेत, त्याच्या मागे, रिकाम्या हातांनी. त्या दिवशी फार रडलो. काही त्याच्यासाठी आणि काही, खरं सांगतो, माझ्या त्या चार ओळींसाठी.

५. म्हणून पॉलिशवाल्याने माझ्या दगडावरची अक्षरं उतरवावीत. दगडावर खोडाखोड चालत नाही, एक शब्द काढायचा तरी सगळा थर खाली घ्यावा लागतो. मी खोल कोरतो, तेव्हा वेळ लागेल. दगड पातळ झाला तरी चालेल. मग तो ज्याला घेणं परवडत नाही अशा कोणालाही द्यावा. हे चांगलं काम म्हणून सांगत नाही, दगड चांगला आहे म्हणून सांगतो.

६. मला धाकट्याशेजारी, कबरस्तानाच्या भिंतीपाशी पुरावं. बायकोशेजारची जागा मी राखून ठेवली होती, पण तिला विचारलं असतं तर तिने मला त्याच्याकडेच पिटाळलं असतं.

७. धाकट्याचा कोरा दगड आम्हा दोघांना पुरेल. वर त्याचं नाव, खाली माझं, बारीक अक्षरात. त्याखाली एकच ओळ: "असेच घेतले." कोरताना थोरलीने उभं राहून भावाचं नाव नीट तपासावं. हे खरं निघेल का, मला माहीत नाही. इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून कोरलं, एकदा पाळकांच्या भरवशावर कोरा.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली.
दिनांक: धाकट्याला जाऊन तीन वर्षं झाली तो दिवस.

साक्षीदार:
१. निवृत्त नर्सबाई, शेजारीण.
२. पाळक. निरोप धाडला, तसे लगेच आले. आज आम्ही बोललो.
(पॉलिशवाल्याला हत्यारं दिली आहेत, म्हणून त्याची साक्ष घेतलेली नाही.)

सही, थरथरलेली पण माझीच:
थोरलीचा आणि धाकट्याचा बाप