वन्सं, तेवढं गाढव पाठवा

गिंगेन, मंगळवार

तीर्थस्वरूप रोझवीटा वन्सं यांना वाल्ट्राउटचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे तूर्त कमरेपर्यंतचाच पोचला असं समजावं).

तुमचं पित्त कसं आहे? एगॉनभावोजी अजून डॉक्टरांना चुकवून सॉसेज हाणतात का? इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी, तुमचे बंधुराज ओटमार आणि त्यांची मोहेअरची प्रजा, म्हणजे खेळण्यातली जुनी जनावरं. बाहेरून शेळीची लोकर, पोटात लाकडाचा कीस आणि कानात कारखान्याचं बटण. बटण असलं की माल अस्सल, आणि त्या बटणापायी शहाणीसुरती माणसं वेडी होतात. ह्यांनी या जनावरांवर जेवढे उधळले तेवढ्यात खऱ्या शेळ्यांचा कळप आला असता, वर दूध मिळालं असतं. सोफ्यावर अस्वलं बसतात आणि मी स्टुलावर. नवा प्राणी आला की कसर मरावी म्हणून तो आधी फ्रीजरमध्ये जातो. परवा मटार काढायला गेले तर आतून पाणघोडा माझ्याकडे बघत होता. (श्पेट्झलेच्या शेवया ठेवायला जागा नाही, पण पाणघोड्याला आहे.)

या दरबाराचा राजा म्हणजे ते गाढव. युस्टुसमामांनी लहानपणी तुम्हा भावंडांना कारखान्यातून एकेक आणून दिलं होतं ना, अगदी जुळं, त्यातलं ह्यांचं. तसलं गाढव म्हणे आता शोधूनही सापडत नाही. (मला घरात कधी टंचाई जाणवली नाही.) या रविवारी नगरभवनात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आहे आणि मधल्या काचेच्या कपाटाचा मान आपल्या गाढवाला मिळालाय. स्वारीनं नवा टाय आणलाय. आमच्या लग्नाला हा माणूस एवढा नटला नव्हता.

आता खरी गंमत ऐका. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. पाळीची पाटी दारावर लागली तशी मी कंबर कसली. जिना पुसला, तळघर पुसलं, बाहेरचा फुटपाथसुद्धा झाडला. वरच्या मजल्यावरच्या हेगेलेबाई तपासणीला आल्याच (त्यांना बोलवावं लागत नाही). कठड्यावर बोट फिरवलं, हाताला काही लागेना. मग मीठ मागायचं निमित्त करून आत शिरल्या आणि तेच बोट गाढवाच्या पाठीवरून फिरवलं.

"अगं बाई!" बोट माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाल्या, "पाटी दारावर आणि धूळ गाढवावर होय? असू दे हो, चालायचंच."

वन्सं, चालायचंच! मला कुणी चोर म्हणालं असतं तरी मी हसून कॉफी दिली असती. पण धुळीवरून "असू दे" ऐकून घेणारी बाई आपल्या गावात अजून जन्माला यायची आहे. हे न्यूरेनबर्गच्या जुन्या बाजाराला गेलेले, शनिवारी यायचे. जुनी धूळ म्हणजे जनावराचं वय, ती धुवायची नसते, असं ह्यांचं तत्त्वज्ञान. (स्वतःच्या आंघोळीलाही ते लावतात.) मी गाढव उचललं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलं.

पाणी चहासारखं झालं तेव्हा काय समाधान वाटलं म्हणून सांगू! मग पोटातला कीस पाणी प्यायला लागला. गाढव फुगलं, आठवा महिना लागल्यासारखं दिसायला लागलं. पोटाची शिवण उसवली. चार पाय चार दिशांना गेले. पूर्वी वाकडं केलं की पोटातल्या भोंग्यानं ते ओरडायचं, आता नुसती उचकी देतं. सध्या बाल्कनीत दोरीवर कानांना चिमटे लावून लटकतंय आणि घरभर ओल्या लाकडाचा वास सुटलाय.

हसू नका. मी बादलीशेजारी बसून चांगली रडले. तुमच्या भावाला आजवर कुणी कधी मधल्या कपाटात ठेवलं नाही हो. आयुष्यात एकदा, तेही गाढवाच्या नावावर, मान मिळत होता आणि तो मी साबण लावून धुतला.

फोन करत नाही, हेगेलेबाईंना भिंतीतून ऐकू येतं. लोभ आहेच, तो पुढचं वाचूनही टिकावा.

तुमची भावजय
वाल्ट्राउट

ता. क. तुमच्या माळ्यावरचं गाढव पत्र मिळताक्षणी भावोजींबरोबर पाठवा. त्याच्या कानात बटण नाही हे मला ठाऊक आहे (लग्नानंतर सामान हलवताना भावोजींच्या वेंधळेपणानं पडलं म्हणून तुम्ही त्यांना अजून ऐकवता). इथलं बटण मी त्याला लावीन. ह्यांना सात जन्मांत कळायचं नाही.

ता. ता. क. पाकीट चिकटवायच्या आत स्वारी दारात हजर! बाजारात मन लागेना म्हणे. सरळ बाल्कनीत गेले. मी जीव मुठीत धरून उभी. ह्यांनी चिमटे काढले, गाढव मांडीवर घेतलं, त्यानं उचकी दिली आणि ह्यांचे डोळे भरून आले. मग पडल्या आवाजात म्हणाले, "वाल्ट्राउट, हे माझं नव्हतंच गं. माझ्याचं बटण मी लहानपणीच चावून तोडलं होतं. रोझवीटाच्या लग्नाच्या सकाळी तिच्या पेटीत माझं ठेवलं आणि तिचं काढून घेतलं."

तेव्हा वन्सं, आधी भावोजींची माफी मागा. मग माळ्यावरचं गाढव घेऊन स्वतःच या. बटण असो नसो, रविवारी ते मधल्या कपाटात बसेल. आणि तुमच्या दोन गाढवांपैकी एक मी धुतलंय. दुसऱ्यानं नवा टाय आणलाय, ते तुम्ही जातीनं येऊन धुवा, थोरल्या बहिणीचा मान आहे.