अकरा सेकंद

दि. ९ मार्च

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना नात झाली, तेव्हापासून त्यांचं मशीन दुपारी बंद असतं आणि घर अगदी सुनं वाटतं. मला निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी सकाळी उठल्याबरोबर हात थर्मामीटर शोधतात. तीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचं तापमान लिहिलं, ती सवय एका वर्षात थोडीच जाणार.

तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिच्यामागे भुणभुण लावली होती.

आता कामाचं. तुझा जुना कंप्युटर मला जोरात पळवायचा आहे. चार वर्षं तो मागच्या खोलीत चादरीखाली होता. मी तो उघडला. झाकणाच्या आतून तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘हात लावू नये. विशेषतः बाबांनी.’ बाबांनी ती वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

त्याच्यावर एक प्रोग्राम चालवायचा आहे. एक वाक्य तयार करायला तो एकतीस सेकंद घेतो. मला ते दहावर आणायचं आहे. कशासाठी ते सांगेन सावकाश. नवा कंप्युटर माझ्या पेन्शनमध्ये बसत नाही. जुन्या मालाच्या दुकानातली बाई म्हणाली, “काकू, तुमच्या प्रोसेसरचा वेग वाढवता येतो. पण जपून, नाहीतर जळेल आणि मग माझ्याकडे भंगारात आणाल.” तिने समजावलं ते असं: आत एक घड्याळ शंभराचा ठोका देतं, प्रोसेसर त्याला चौतीसने गुणतो. त्या चौतीसचे पस्तीस करायचे, छत्तीस करायचे. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणजे सदतीस केले तर काय होतं? आणि कळतं कसं, की आता पुरे?

हे मला तुझ्याइतकं नीट कोण सांगणार. डिसेंबरात तू फोन केलास, बाबांनी उचलला आणि एक शब्द बोलले नाहीत, हे मला माहीत आहे. त्यामुळे तू पुन्हा फोन करत नाहीस, हे मावशीकडून कळलं. त्याबद्दल नंतर लिहीन. तुझं तीन आठवड्यांचं काम चालू असताना बाबांनी रागात नको ते बोलून भिंतीतली पिन ओढली आणि तू घर सोडलंस, तो दिवसही मी आज काढत नाही. फक्त कंप्युटरपुरतं उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझी आई


दि. २ एप्रिल

चि. खटपट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं, नऊ सूचना आणि शेवटी ‘काळजी घे’. माझी की प्रोसेसरची, ते लिहिलं नाहीस. पण मी खूश आहे. पत्र दोनदा मोठ्याने वाचलं, एकदा मला आणि एकदा बाबांना ऐकू जाईल असं.

तू म्हणालास तशी आधी धूळ काढली. पंख्याखालच्या पट्ट्यांमध्ये उशी भरता येईल एवढी निघाली. बिचारा प्रोसेसर तापून तापून आपणहूनच हळू चालत होता. मग त्याच्यावरची उष्णता बाहेर नेणारी, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि तिथे माझा घोटाळा झाला. मी ती पावाला लोणी लावतात तशी मनसोक्त लावली. तापमान गेलं चौऱ्याण्णववर. मी घाबरून मशीन बंद केलं. बाबा आले, वाकून वास घेतला (जन्मभर जळक्या मोटारींचं वाइंडिंग केलं त्यांनी, त्यांचं नाक कुठल्याही मीटरला हार जात नाही) आणि वहीत लिहिलं, ‘लेप जाड झाला की उष्णता आत अडकते. तांदळाच्या दाण्याएवढी लाव.’ तशी लावली. एकोणीस सेकंद.

वहीत का लिहिलं म्हणशील. हल्ली लिहूनच सांगतात. असू दे.

दुकानातल्या बाईकडून मेमरीची जुनी पट्टी आणि मोठा पंखा आणला. पंख्याची एक कडी तुटलेली होती म्हणून तिने स्वस्तात दिला. बाबांनी डब्याचा पत्रा कापून नवी कडी केली आणि वारा थेट बाहेर जावा म्हणून एक बोगदाही केला. दिसायला ध्यान आहे, पण काम करतो. चौदा सेकंद. आणि अजून मी वेगाला हातही लावलेला नव्हता.

मग तुझी पाचवी सूचना. व्होल्टेज मशीनच्या मर्जीवर सोडायचं नाही, ते स्वतःसाठी भरमसाट घेतं. म्हणून ते बांधून टाकलं. एका वेळी एकच आकडा वाढवायचा, तासभर चाचणी चालवायची, ऐंशीच्या वर गेलं की मागे यायचं. अरे, हे तर मी तीस वर्षं केलं. दर पाच मिनिटांनी वहीत तापमान लिहिते. छत्तीसवर चौसष्ट. अडतीसवर अडुसष्ट. चाळीसवर बहात्तर आलं तेव्हा मला हसूच फुटलं. बहात्तर अंशांवर दूध पंधरा सेकंद धरलं की जंतू मरायचे, आमचं काम व्हायचं. इथे तासभर धरायचं आणि काही नासता कामा नये.

बाबा रोज शेजारी खुर्ची टाकून बसतात. ज्या मशीनकडे कधी नीट पाहिलं नाही, त्याच्या पंख्याचा आवाज बदलला की माझ्याआधी त्यांना कळतं. परवा त्यांनी विचारलं, म्हणजे लिहिलं, ‘तीन आठवड्यांचं काम पुन्हा मिळवता येतं का?’ मी दुकानातल्या बाईला विचारलं. ती नाही म्हणाली. ते मी त्यांना सांगितलं.

तुझी आई


दि. २१ एप्रिल

चि. खटपट्या,

आज हवापाणी काही लिहीत नाही. सांगायचं राहिलेलं सांगते.

गेल्या ऑगस्टमध्ये बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. ती गेली, पण तिच्याबरोबर आवाज कायमचा गेला. आता प्रकृती चांगली आहे, जेवतात, फिरतात, माझ्या चुका काढतात, सगळं वहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणाले, “त्याला कळवू नकोस. कीव येऊन आलेला मुलगा मला नको.” त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं ते जवळजवळ शेवटचं वाक्य. मी ते पाळलं. पाळायला नको होतं. ही चूक त्यांची नाही, माझी आहे.

डिसेंबरात तुझा फोन आला तेव्हा मी वर शिंपीणबाईंकडे होते. आले तर बाबा रिसीव्हर कानाला लावून बसलेले. फोन केव्हाच बंद झालेला. तू चारदा ‘हॅलो’ म्हणालास, मग ‘ठीक आहे’ म्हणालास आणि ठेवलास, असं त्यांनी लिहून दाखवलं. आपल्या फोनवर नंबर दिसत नाही आणि तुझा नंबर तू मावशीलाही दिलेला नाहीस. तुला उलट फोन कसा करणार होतो?

आता कंप्युटर. तू पंधरा वर्षांचा असताना माइक आणलास आणि बाबांना समोर बसवून पाण्याच्या पंपाचं माहितीपत्रक वाचायला लावलंस, आठवतं? ते तुझ्या मशीनमध्ये तसंच होतं. चाळीस मिनिटं. मध्येच ते म्हणतात, “अरे, अजून किती वाचू?” आणि मागून तू, “थांबू नका ना, बाबा.” दुकानातल्या बाईने त्यावरून एक प्रोग्राम बसवून दिला. बाबा टाइप करतात आणि मशीन त्यांच्या आवाजात बोलतं. पंपाचं पत्रक वाचून शिकलेलं असल्यामुळे “चहा झाला का” हेही धोक्याची सूचना दिल्यासारखं येतं. तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इंटरनेटवर हे चटकन होतं म्हणे, पण दर महिन्याचा खर्च आहे, आणि आपला आवाज परक्याकडे ठेवायला बाबा तयार नाहीत.

मला दहा सेकंद हवे होते. म्हणून मी चव्वेचाळीसपर्यंत गेले. चाचणीने अडतिसाव्या मिनिटाला चूक दाखवली, आणि मी तो आकडा वहीत लिहिलाच नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, मशीन चालू तर आहे. संध्याकाळी बाबांनी एक वाक्य टाइप केलं. साडेदहा सेकंदांत आवाज आला आणि पहिल्याच शब्दावर अडकला. तोच शब्द पुन्हा, पुन्हा, चिरका होत गेलेला. तो शब्द तुझं नाव होतं. बाबांनी मशीन बंद केलं. नीट, पडद्यावरून. भिंतीतल्या पिनेला हात लावला नाही. मग माझी वही ओढून लिहिलं, ‘घाईघाईने बोलून एकदा हात पोळले आहेत. बेचाळीसवर आण.’

बेचाळीसवर आणलं. शहात्तर अंश. सलग आठ तास चालवून पाहिलं, एक चूक नाही. अकरा सेकंद. पंखा बदलल्याशिवाय याहून कमी होणार नाही, आणि मला आता ते करायचंही नाही.

दुकानातली बाई म्हणाली, “‘ठेवू नकोस’ एवढं एक वाक्य आधीच तयार करून ठेवा, फोन आला की लावा.” बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. त्याला तयार वाक्य लावायचं नाही, मशीनमधून म्हणाले. तो काय बोलेल ते ऐकायचं आणि त्याचं उत्तर द्यायचं.

कंप्युटर आता फोनच्या टेबलावर आहे. रविवारी सकाळी मी दोन तास बाहेर जाणार आहे, मुद्दाम. मशीन सुरू असेल. फोन केलास तर बाबा उचलतील आणि काही ऐकू येणार नाही. मग कळांचा आवाज येईल, अगदी सावकाश, कारण ते दोनच बोटांनी टाइप करतात. तो थांबला की पुन्हा शांतता. ती रागाची नाही, बाळा. डिसेंबरातलीही नव्हती.

अकरापर्यंत मोज. फोन ठेवू नकोस.

तुझी
आई